प्रकल्पांचे अनुभव कोठे जातात?

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पायाभरणी १९८८ मध्ये झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला, आणि खर्च पुढे हजारो कोटींच्या घरात गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वनखात्याची संमती, निधीची ओढाताण ही विलंबाची कारणे खोटी नाहीत. पण ती नवीही नाहीत. कोयना आणि जायकवाडीच्या वेळीच राज्याला त्यांची पुरेशी ओळख झाली होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण येथे लागू पडत नाही, कारण पुढच्याला ठेच कोठे लागली हे मागच्याला कळतच नाही.

मोठ्या धरणाची गोष्ट राहो. शाळेची एक खोली, ग्रामपंचायतीची नळपाणी योजना, सहकारी पतपेढीचे संगणकीकरण यांचीही तीच कथा असते.

काम करता करता माणूस शिकतो आणि खर्च उतरत जातो, या साध्या निरीक्षणावर केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त उभारला. विमानांचे सांगाडे जसजसे अधिक बनतात तसतसे प्रत्येकामागे लागणारे श्रम कमी होतात, हे त्यांचे उदाहरण. मात्र तेथे कारखाना तोच असतो आणि कामही तेच. सरकारी कामात तसे नसते. राज्याच्या २००५ च्या बदलीविषयक कायद्याने सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला आहे. अभियंता जातो, मागे फाइल उरते. आणि फाइलमध्ये काय असते, हे कोणत्याही कारकुनाला विचारावे. टिपणी लिहिली जाते ती लेखापरीक्षणात टिकावी म्हणून. कंत्राटदाराने मुदतवाढ मागितल्याची नोंद तीत सापडेल. पाइप वेळेवर येणार नाहीत हे सहा महिने आधीच सर्वांना ठाऊक होते, ही नोंद सापडणार नाही. अमेरिकन नौदलासाठी १९५८ च्या सुमारास तयार झालेली ‘पर्ट’ पद्धती महाविद्यालयात शिकविली जाते, ते योग्यच आहे. कोणते काम अडल्यास सर्वच अडेल, हे ती दाखविते. सातबाऱ्यावरील मयत वारसांची नावे विहिरीची जागा निवडण्यापूर्वी तपासावीत, हे शहाणपण मात्र ज्याने हात पोळून घेतले त्याच्याकडेच असते.

हे शहाणपण एकाकडून दुसऱ्याकडे जावे कसे? त्यासाठी दहाबारा जणांची तालुक्यापुरती मंडळी पुरे. महिन्यातून एकदा जमावे, एकाने आपले अडलेले काम मांडावे, इतरांनी प्रश्न विचारावेत. अट एकच: वरिष्ठ उपस्थित नसावा आणि इतिवृत्त लिहिले जाऊ नये. प्राथमिक शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद याच हेतूची. पण अनेक ठिकाणी ती परिपत्रके वाचून दाखविण्याची बैठक होऊन बसते. साहेब समोर असताना आपली चूक कोण सांगणार!

बरोबरीच्यांच्या बोलण्यात काय बळ असते, ते नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर दिसले. कालव्याच्या शेपटाकडील ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथे १९९१ च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घेणे, आपसात वाटणे आणि पट्टी वसूल करणे ही कामे शेतकऱ्यांनी अंगावर घेतली. वरच्या गावांना ते पटले याचे श्रेय केवळ सरकारी पत्रकांना देता येणार नाही. वाटपाचे भांडण कसे मिटले हे त्यांना शेतकऱ्यानेच सांगितले. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्यांनी प्रकल्पस्तरीय संघ स्थापन केला.

या कल्पनेवर एक आक्षेप गंभीर आहे. एकाच धंद्यातील माणसे एकत्र आली की बोलणे ग्राहकाविरुद्धच्या कटाकडे वळते, असा इशारा अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच दिला होता. निविदांची साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो पटेल. म्हणून मंडळी एकाच खात्याची नसावी: एखादा कनिष्ठ अभियंता, एखादे मुख्याध्यापक, ग्रामसेवक, पतपेढीचे व्यवस्थापक, दोघेतिघे सेवानिवृत्त. दरांची आणि चालू निविदांची चर्चा प्रारंभापासूनच वर्ज्य असावी. खर्च चहापुरता. तालुक्याच्या महाविद्यालयातील वर्ग रविवारी रिकामेच असतात, आणि मागील बाकावर पाचसहा विद्यार्थ्यांना बसू दिल्यास ‘पर्ट’च्या आकृतीत जे दिसत नाही ते त्यांच्याही कानावर पडेल.