इस्त्री बंद केली होती ना?

शेजारणीच्या मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. गळ्याला बक्रम लावून झाले, बाहीची पट्टी तेवढी इस्त्रीने दाबायची राहिली आहे आणि नेमकी वीज जाते. पंखा थांबतो. उकाड्याने जीव नकोसा होतो म्हणून इस्त्री तशीच टेबलावर ठेवून गृहिणी बाहेर येते. गॅलरीत कुणीतरी भेटते, गप्पा होतात, कोथिंबीर आणायची आठवण होते. दाराला कुलूप लावून ती बाजारात जाते. वीस मिनिटांनी वीज येते. घरात कुणी नसते. इस्त्री मात्र पुन्हा तापू लागते.

‘इस्त्री बंद केली होती ना?’ ही शंका अर्ध्या रस्त्यात कधीच मनात आली नाही, असे सांगणारी गृहिणी विरळाच. बहुतेक वेळा इस्त्री बंदच असते. पण जेव्हा नसते, तेव्हा त्यामागे निष्काळजीपणापेक्षा कामात आलेला व्यत्यय असतो. वीज गेली, फोन वाजला, दूध उतू गेले, मूल रडले आणि हातातले काम अर्धवट सुटले. शिवणकामात तर हे अधिकच घडते. धुतलेल्या कपड्यांना इस्त्री करायची तर ते काम एका बैठकीत संपते. शिवताना मात्र दोन टाके घातले की शिवण दाबायची, पुन्हा मशीनवर बसायचे, असे चालते. त्यामुळे इस्त्री दोन-दोन तास चालू राहते आणि ती चालू आहे हेच विसरायला होते.

सगळे ज्वलनशील एकाच कोपऱ्यात

घरच्या शिलाईसाठी स्वतंत्र खोली फार थोड्यांना मिळते. पलंग आणि कपाट यांच्यामधली जागा, नाहीतर बंद केलेली गॅलरी. तिथे अस्तराचे तागे, गिऱ्हाइकांच्या साड्या, कागदाचे नमुने, फोमचे पॅड, दोऱ्यांचे खोके आणि मशीनखाली साठलेला कापसाचा भुगा असतो. या सगळ्याच्या मधोमध घरातली अत्यंत तापणारी वस्तू ठेवलेली असते.

किती तापणारी? इस्त्रीवर आणि कपड्याच्या लेबलवर एक, दोन, तीन असे ठिपके असतात. एका ठिपक्याला, म्हणजे नायलॉनसारख्या कापडाला, सुमारे ११० अंश सेल्सिअस. दोन ठिपक्यांना, म्हणजे रेशीम आणि लोकरीला, १५०. तर सुती कापडाच्या तीन ठिपक्यांना जवळजवळ २०० अंश. एवढी तापलेली इस्त्री सुती कापडावर पालथी राहिली तर ते आधी पिवळे, मग तपकिरी पडते, करपते आणि धुमसू लागते. नायलॉन, पॉलिस्टरची गोष्ट वेगळी. ते वितळते आणि वितळलेला थेंब कातडीवर पडला तर चिकटून बसतो.

आपल्याकडे पुष्कळ घरांत इस्त्रीचे टेबल म्हणजे जुनी गोधडी, नाहीतर पलंगावरची गादीच. ही सवय सोडायलाच हवी. कापसाची गादी वरून विझल्यासारखी दिसली तरी आतून तासन्‌तास धुमसत राहते. दुपारी पाणी शिंपडून ‘विझवलेली’ गादी रात्री घर झोपल्यावर पुन्हा पेटू शकते. अशी गादी विझल्यावर उघड्यावर नेऊन, उसवून, पूर्ण भिजवायला हवी. इस्त्रीसाठी लाकडी फळीवर घट्ट ताणलेले जाड सुती कापड आणि इस्त्री उभी ठेवायला धातूची घडवंची एवढे पुरे.

दिवा विझला म्हणजे इस्त्री बंद झाली?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. इस्त्रीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली पट्टी असते. उष्णतेने एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. थंड झाली की सरळ होऊन वीज पुन्हा जोडते. म्हणजे दिवा विझला तेव्हा इस्त्री सर्वांत गरम असते आणि थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा तापणार असते.

दुसरा भरवसा असतो एमसीबीवर. ‘आमच्याकडे नवीन बोर्ड बसवलाय, काही झाले की बटण आपोआप पडते,’ असे अभिमानाने सांगितले जाते. एमसीबी पडते ती विजेचा भार मर्यादेपलीकडे गेला किंवा शॉर्टसर्किट झाले तर. कापडावर पालथी पडलेली १००० वॉटची इस्त्री आपली नेहमीची सव्वाचार-साडेचार अँपिअर वीजच घेत असते. एमसीबीच्या लेखी सगळे सुरळीत चाललेले असते. शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी जरूर बसवावी, पण तिलाही जळणारे कापड दिसत नाही. आता काही इस्त्र्या ठरावीक वेळ हलवल्या नाहीत तर स्वतःहून बंद होतात. घरात विसरभोळे कुणी असेल तर नवी घेताना ही सोय विचारून घ्यावी. आयएसआय चिन्ह तर पाहावेच.

मग उरते ती एकच सवय : उठायचे तर हात आधी प्लगवर. बटणावर नव्हे, प्लगवर. कारण अंधारात बटण चालू की बंद हे कळत नाही, पण काढलेला प्लग दिसतो. वीज गेली की मेणबत्ती शोधण्याआधी प्लग काढावा. (मेणबत्ती तर या खोलीत नकोच. चार्जिंगचा दिवा ठेवावा.) आणखी एक युक्ती वायरमनकडून करून घेण्यासारखी आहे. इस्त्रीचा पॉइंट टेबलामागे, वाकून शोधावा लागेल असा न ठेवता दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर घ्यायचा आणि त्याला लाल दिवा बसवायचा. खोलीबाहेर पडताना तो नजरेआड होऊच शकत नाही.

आजीची कोळशाची इस्त्री याबाबतीत बरी म्हणायची. तिच्यातले निखारे दिसत तरी होते.

वायर, प्लग आणि काडेपेटीच्या काड्या

प्लग सापडला नाही म्हणून वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवण्याचा प्रकार अजूनही अनेक घरांत चालतो. सैल जोड तापतो, ठिणग्या उडतात, आणि खाली कापड असतेच. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडले असेल, हात लावल्यावर ते गरम लागत असेल, तर तो सैल जोड आहे असे समजावे आणि सॉकेट बदलून घ्यावे. घासून पुन्हा वापरू नये.

इस्त्रीची वायर बहुधा मुठीजवळ तुटते, कारण तिथेच ती सतत वाकते. आतल्या तांब्याच्या काही तारा तुटल्या की उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. वरून चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळून ठेवण्याची घाईही नको. साधे पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते.

एक्स्टेन्शन बोर्डाचा हिशोबही सोपा आहे. सहा अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर सुमारे १३८० वॉट पेलतो. शिलाई मशीनची मोटर साधारण १०० वॉटची, ती काही त्रास देत नाही. पण त्याच बोर्डावर इस्त्री आणि थंडीत इंदूर-दिल्लीकडे लागणारा २००० वॉटचा हीटर लावला तर बोर्ड वितळण्याची वाट पाहायची. इस्त्री आणि हीटर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावावेत. बोर्डाची वायर सतरंजीखालून नेऊ नये, गुंडाळलेल्या अवस्थेतही वापरू नये.

मशीनच्या मोटरमध्ये आणि पायाखालच्या रेग्युलेटरमध्ये भुगा साचतो, तोही आठवड्यातून एकदा ब्रशने झाडावा; अर्थात प्लग काढून. काम नसताना रेग्युलेटर गरम लागला किंवा मोटर नुसतीच गुणगुणत राहिली, तर मेकॅनिकला दाखवावे. तेलाचा डाग काढायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरत असाल तर ते काम उघड्यावर करा आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्रीजवळ आणू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि मोटरची ठिणगीही तिला पुरते.

कातरणीची पेटी

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून १४६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य कोवळ्या वयाच्या मुली होत्या. आगीची सुरुवात कापड बेतण्याच्या टेबलाखालच्या पेटीत झाली. तिच्यात अनेक आठवड्यांची कातरण साठली होती. विडी-काडीचा एखादा जळता तुकडा तिच्यात पडला असावा, असा निष्कर्ष निघाला. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता.

घरातली कातरण एवढी नसते हे खरे. पण उशीत भरायला म्हणून, गोधडीला लागतील म्हणून टेबलाखाली चिंध्यांचे बोचके वर्षभर राहतेच. ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इस्त्रीपासून दूर असावे. आणि दाराचेही पाहावे. जागा नाही म्हणून इस्त्रीचे टेबल दारातच मांडले, तर आग आणि बाहेरची वाट एकाच जागी येतात.

पेटलेच तर

प्रथम प्लग काढावा. तिथे हात पोचत नसेल तर मेन स्विच पाडावा. वीज बंद झाल्याशिवाय पाणी टाकू नये. आग टेबलापुरती असेल तर पाणी, ओले जाड सुती कापड किंवा एबीसी पावडरचे छोटे अग्निशामक नळकांडे पुरते. फोमचा काळा धूर खोलीत भरू लागला तर मात्र गिऱ्हाइकाचा शालू वाचवायला आत शिरू नये. माणसे बाहेर काढून, दार ओढून घेऊन १०१ किंवा ११२ वर फोन करावा. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे.

भाजलेल्या जागेवर शाई, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावायचे नाही. बर्फही नको. नळाचे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे, बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि चिकटलेले नायलॉन ओढून न काढता डॉक्टर गाठावा.