क्रूस आणि ध्यानाची बैठक

मंडळी, एखादा श्रद्धाळू कॅथलिक माणूस रविवारी मिस्साला जातो, रोज जपमाळ म्हणतो, आणि तोच पहाटे उठून बौद्ध रीतीने मांडी घालून ध्यानाला बसतो, असे ऐकले तर तुम्ही काय म्हणाल? कोणी म्हणेल, "हा दोन डगरींवर पाय ठेवतो आहे." कोणी म्हणेल, "त्यात काय एवढे? सगळे धर्म सारखेच." ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. दुसऱ्याचा धर्म मनापासून समजून घ्यायचा तर स्वतःचा सोडावा लागतो काय, हा खरा प्रश्न आहे.

ही ओळख आजकालची नाही बरं का. मध्ययुगात सबंध युरोपात जोसाफात नावाच्या हिंदी राजपुत्राची कथा आवडीने वाचली जाई. बाप त्याला वाड्यात कोंडून ठेवतो, तरी आजारी, आंधळा आणि म्हातारा माणूस त्याच्या नजरेस पडतोच. मग बार्लाम नावाच्या तपस्व्याच्या उपदेशाने तो राज्य सोडून देतो. ओळखीची वाटली ना? ही सिद्धार्थाचीच कथा! 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशा भाषांतून फिरत फिरत 'जोसाफात' झाला. रोमच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर या तारखेला त्याचे नावही लागले. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी हा उलगडा केला. म्हणजे ख्रिस्ती लोक कित्येक शतके नकळत बुद्धाचेच चरित्र आदराने ऐकत होते.

आता जाणूनबुजून ही वाट चाललेल्या एका माणसाकडे वळू. फादर ह्यूगो लासाल हे १८९८ साली जर्मनीत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. १९२९ साली ते जपानात गेले. जपानी माणसाचे मन ओळखायचे तर झेन पंथ ओळखला पाहिजे, असे त्यांना वाटले, आणि १९४३ साली ते एका झेन मठातल्या साधना-शिबिरात जाऊन बसले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात होते. जखमी झाले, पण वाचले. पुढे त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले, एनोमिया हे नाव धारण केले आणि जगभरातून मदत गोळा करून हिरोशिमात जागतिक शांतीचे स्मारक म्हणून मोठे चर्च उभारले. ते १९५४ साली पुरे झाले.

झेन म्हणजे काय? शब्द आपलाच आहे. संस्कृत 'ध्यान', पालीत 'झान', चीनमध्ये 'चान' आणि जपानात 'झेन'. बसण्याची रीत दिसायला अगदी साधी. पाठीचा कणा ताठ, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड बहुधा भिंतीकडे. श्वास मोजायचे, एक ते दहा, आणि पुन्हा एकपासून. मन भरकटले की चिडायचे नाही, परत एकावर यायचे. करून पाहा, म्हणजे कळेल किती अवघड आहे ते!

फादर लासाल यांना असे आढळले की या मौनाने त्यांची स्वतःची प्रार्थना खोल झाली. कॅथलिक परंपरेतही मौनाची वाट जुनीच आहे. सोळाव्या शतकातले स्पेनचे संत योहान, ज्यांना 'क्रूसाचे' म्हणतात, त्यांनी शब्द आणि कल्पना मागे टाकून परमेश्वरापाशी जाण्याबद्दल लिहून ठेवले आहे. विसरलेली आपलीच वाट शेजाऱ्याच्या अंगणातून दिसावी, तसे हे झाले.

पण हे सुखासुखी झाले नाही. १९६० साली त्यांनी झेनवर पुस्तक लिहिले, तेव्हा रोममधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. धर्मगुरूने आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते. फादर लासाल यांनी ना संघ सोडला, ना बैठक सोडली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी घोषणापत्र काढले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय, आणि बौद्ध धर्माचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. मग जपानात आणि युरोपातही त्यांची शिबिरे भरू लागली. तिथे ध्यान असे आणि मिस्साही असे. १९९० साली ते वारले, ते कॅथलिक धर्मगुरू म्हणूनच.

मग दोन्ही धर्म एकच झाले का? नाही. इथे स्पष्ट बोलले पाहिजे. कॅथलिक माणूस जगाचा निर्माता असा परमेश्वर मानतो. बुद्धाने दुःखमुक्तीचा मार्ग सांगताना अशा निर्मात्याचा आधार घेतलेला नाही. कॅथलिकाला तारण देवाच्या कृपेने मिळते; बुद्धाने आपला दीप आपण व्हायला सांगितले. एकाची प्रार्थना म्हणजे कोणाशी तरी बोलणे, तर दुसऱ्याचे ध्यान म्हणजे मन आहे तसे पाहणे. १९८९ साली रोमहून सर्व बिशपांना पत्र गेले, त्यात हीच सावधगिरी सांगितली होती: पूर्वेकडील पद्धतींतले उपयुक्त ते जरूर घ्या, पण मन शांत झाले म्हणजेच देव भेटला असे समजू नका.

उलट बाजूही पाहू या. बुद्धाची शिकवण म्हणजे नुसता श्वास मोजणे नव्हे. शील, करुणा आणि माणसामाणसांतली समता हा तिचा कणा आहे. आपल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तो स्वाभिमानासाठी आणि समतेसाठी. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कोणी धम्मातले ध्यान तेवढे उचलले आणि मनात उच्चनीच भाव तसाच ठेवला, तर त्याने बुद्धाकडून काय घेतले?

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात एकाच बाकावर ख्रिस्ती आणि बौद्ध घरची मुले बसत असतील. 'सगळे सारखेच' असे सांगून त्यांची बोळवण करू नका. तुझ्या घरी काय मानतात, का मानतात, हे एकाला सांगू द्या आणि दुसऱ्याला शांतपणे ऐकू द्या. आपल्या घराचा पाया पक्का ठेवून शेजाऱ्याच्या ओसरीवर बसता येते. मात्र तिथे बसलो की त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, सोयीचे तेवढेच उचलून निघू नये.