खालून आलेला उजेड

सूर्य वर, दिवाहि वर. त्यामुळें मनुष्याच्या चेहऱ्यावर उजेड वरून पडावा आणि नाक व हनुवटी यांच्या खालीं छाया असावी, हें आपल्या डोळ्यांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तो क्रम उलटतांच ओळखीचा माणूसहि परका भासूं लागतो. अंधारांत हनुवटीखालीं बॅटरी धरून धाकट्या भावंडांस भिवविणाऱ्या मुलास हें शास्त्र कोणी शिकवीत नाहीं.

स्टुडिओंतील छायाचित्रकार हीच करामत फ्लॅशनें करितो. दिवा गुडघ्याच्या उंचीवर ठेवला कीं नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि मागील भिंतीवर एक प्रचंड आकृति उभी राहते. परंतु फ्लॅशचें खरें मर्म निराळें आहे. त्याचा झोत सेकंदाच्या अत्यल्प अंशांत येऊन जातो. खुर्चींत बसलेल्यास सतत दिसतो तो केवळ अजमास घेण्याकरितां लावलेला मंद दिवा. चित्र उमटतें तें फ्लॅशच्या उजेडांत.

२००८ मध्यें अमेरिकेंतील जिल ग्रीनबर्ग या छायाचित्रकर्त्रीनें याचाच लाभ घेतला. ‘दि अटलांटिक’ मासिकाच्या मुखपृष्ठाकरितां अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅककेन यांचें साधें चित्र काढून झाल्यावर तिनें त्यांस दुसऱ्या दिव्यापाशीं बोलाविलें. समोरचा दिवा पेटलेला दिसत होता, पण त्याचा फ्लॅश उडतच नव्हता. उडत होता तो खालीं ठेविलेला. मॅककेन यांस याची कल्पनाहि आली नाहीं, हें तिनेंच मागाहून सांगितलें. मासिकाच्या संपादकांनीं उघड नापसंती दर्शविली. राजकीय मतभेद असोत. पण पाहुण्यास एक पान दाखवून दुसऱ्यावर वाढण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय?

याच्याशेजारीं आर्नल्ड न्यूमन यांनीं १९६३ मध्यें जर्मनींतील एसेन येथें काढिलेलें आल्फ्रीड क्रुप यांचें चित्र ठेवून पाहावें. गुलाम मजूर राबविल्याबद्दल हा कारखानदार १९४८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें दोषी ठरला होता. न्यूमन स्वतः ज्यू. मागें कारखाना, दोन्ही बाजूंनीं उजेड, चेहऱ्यावर हिरवट झांक. क्रुप यांस त्यांनीं किंचित् पुढें झुकावयास सांगितलें आणि तो क्षण टिपला. उजेडानें येथेंहि निकालच दिला. मात्र तो न्यायालयानें पंधरा वर्षें आधींच दिलेला होता. माझ्या मतें दोहोंतील अंतर हेंच.

खालच्या दिव्यावर मात्र राग नको. वरच्या दिव्याहून सौम्य ठेविला, तर तोच डोळ्यांखालच्या सुरकुत्या उजळून टाकितो. घरांतील वृद्ध मंडळींचे फोटो जाणते छायाचित्रकार पुष्कळदां असेच काढितात.