संध्याकाळची वीज आणि कोयनेचे पाणी

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी गिझर आणि पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की ती एकदा चढते. दिवेलागणीनंतर दिवे, पंखे, टीव्ही आणि इस्त्री एकाच वेळी चालू झाले की पुन्हा चढते. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे महाग असल्याने ती लागेल त्याच क्षणी तयार करावी लागते. कोळशावरचे संच दोन-तीन तासांपुरते चालू-बंद करणे परवडत नाही आणि संध्याकाळी सौर वीज मिळत नाही.

अशा वेळी महाराष्ट्राला आधार असतो तो कोयनेचा. पाटण तालुक्यातल्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते आणि तिथली जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात. प्रकल्पाची क्षमता 1,900 मेगावॉटहून अधिक आहे. पाणी मात्र मोजके आहे. धरणाचा साठा 105 टीएमसी (अब्ज घनफूट), पण कृष्णा पाणी तंटा लवादानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वर्षाकाठी 67.5 टीएमसीच वळवता येते. उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनाही कोयनेच्या पाण्याकडेच डोळे लावून असतात.

दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते. सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून तेवढी वीज करायला साधारण 900 लिटर पाणी लागते. अंघोळीच्या दोन बादल्यांमागे एवढे पाणी खर्ची पडते, हे लक्षात घेतले की घराघरांतल्या सवयींना महत्त्व का आहे ते कळते.

वीज वापरण्याची वेळ बदलण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. 2005 नंतरच्या भीषण भारनियमनाच्या काळात महावितरणने ‘अक्षय प्रकाश योजना’ राबवली. गावाने एकमताने संध्याकाळी शेतीपंप आणि पिठाच्या गिरण्या बंद ठेवायच्या, बदल्यात घरातले दिवे सुरू राहायचे, असा तो करार होता. सामंजस्यावर उभी असलेली ही योजना आजही अनुकरणीय आहे.

आता त्या सामंजस्याच्या जोडीला दराचे आमिष आले आहे. कारखान्यांना वेळेनुसार वेगळा दर पूर्वीपासून आहे. घरगुती ग्राहकांसाठी 1 जुलै 2025 पासून, स्मार्ट मीटर असल्यास, सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत ठेवण्यात आली. या दराने रोजचे दोन युनिट दुपारी वळवले तर महिन्याला 48 रुपये वाचतात. रक्कम लहान आहे, पण खरा लाभ घराबाहेरही आहे. तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गल्लीतल्या रोहित्रावरचा संध्याकाळचा भार थोडा जरी उतरला तरी गळती घटते आणि व्होल्टेज टिकते.

सगळीच कामे हलवता येत नाहीत. स्वयंपाक ठरल्या वेळीच होणार आणि मुलांचा अभ्यास दिव्याखालीच होणार. नळाला पाणी पहाटेच येत असेल तर खालची टाकी भरून ठेवून वरच्या टाकीत दुपारी चढवता येते. कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री यांना संध्याकाळचीच वेळ हवी असे काही नाही. दिवसा घरी नसणाऱ्यांनी विजेवरची दुचाकी निदान रात्री अकरानंतर चार्जिंगला लावावी. सवलत मिळत नसली तरी ऐन गर्दीचा भार टळतो. सकाळच्या गिझरला मात्र सौर बंब हाच खरा पर्याय आहे.

पाटण तालुक्यातलेच मान्याचीवाडी हे गाव 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. पण अशा गावातही, छतावर पॅनेल असले तरी बॅटरी नसलेल्या घराला सूर्यास्तानंतर जाळ्यातूनच वीज घ्यावी लागते, त्यामुळे सौर घरांनीही जड कामे उन्हातच उरकावीत. टाकी, धुणे आणि इस्त्री या तीन कामांपासून सातारा-सांगलीतल्या कोणत्याही घराला आजच सुरुवात करता येईल.