नऊ वेळा एक

वर्गात मुलं पेंगायला लागली, की मी फळ्यावर नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग करायला सांगत असे. कुरकुर व्हायची, मग माना खाली जायच्या. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

हल्ली हीच संख्या 'गणिती चमत्कार' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते, गुलाबाच्या फुलासकट. माझं डोकंच फिरतं. चमत्कार म्हटला, की हात जोडायचे आणि पुढे जायचं. त्यापेक्षा गुणाकार रीतसर मांडा. सगळ्या १ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, तिथून पुन्हा उतरण. बेरीज नवाच्या वर कुठेच जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळी गंमत त्या न आलेल्या हातच्याची!

अशा संख्यांच्या कुळाचं बारसं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी केलं. देवळालीचे शाळामास्तर, ६१७४ मुळे जगाला माहीत झालेले. नाव ठेवलं 'डेम्लो संख्या'. मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्टेशनात कल्पना सुचली, त्याचंच नाव. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. (आम्ही डोंबिवलीकरांनी त्या फलाटावर लोकलमधल्या चौथ्या सीटपलीकडे कसला विचार केला, ते विचारू नका.)

आता आपल्या संख्येचे अवयव पाडू. नऊ वेळा १ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि हा शेवटचा लांबलचक आकडाही मूळ संख्याच. वर्गात हे सगळे दुप्पट वेळा येतात, त्यामुळे एकूण विभाजक ४५. हे विषम का? विभाजकांच्या जोड्या लागतात, वर्गमूळ मात्र स्वतःशीच जोडी लावतं. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवानं भाग जाणारच.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांच्या यादीत हिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली. एक्सेलला मात्र ती पेलत नाही. पंधरा अंकांपुढे ते शून्यं भरतं, शेवटचे २१ गायब.

तेव्हा कागद घ्या आणि दहा वेळा १ चा वर्ग हातानं करा. मधल्या रकान्यात दहा येतील, पहिला हातचा निघेल आणि उत्तर येईल १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ कुठे गेला, ते हातच्यामागून जाऊन स्वतः शोधा.