दोन नंबरचा रिमोट

काचीगुड्याच्या आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो नुमाइशमधून. १ जानेवारीपासून पुढचा दीड महिना नामपल्लीच्या मैदानावर भरणारं हे प्रदर्शन म्हणजे आमच्यासाठी दिवाळीनंतरची दुसरी दिवाळी. आई शालींच्या दुकानांपुढे रेंगाळायची, बाबा घड्याळ बघत मिरचीची भजी खायचे. १९९४ साली मात्र दादा एका स्टॉलपुढून हललाच नाही. रडला नाही, हट्ट केला नाही, नुसता उभा राहिला. बाबांनी शेवटी पाकीट काढलं, आणि घरी येईपर्यंत 'याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते म्हणतात' हे चार वेळा ऐकवलं.

खोक्यात दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट होती. त्या ९९९९ मधले खरे खेळ जेमतेम डझनभर. बाकी तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या पायरीपासून सुरू होणारे. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. हे शास्त्र आम्हाला कोणी शिकवलं, देव जाणे.

एक नंबरचा रिमोट दादाचा, दोन नंबरचा माझा. यात चर्चेला जागाच नव्हती. तो चौदा वर्षांचा, मी दहाची. फरक मला पहिल्याच संध्याकाळी कळला: माझ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणंच नव्हती. खेळ कोणता, सुरू कधी करायचा, मध्येच कधी थांबवायचा, सगळं दादाच्या अंगठ्यात. मला तहान लागली तरी त्याला विचारावं लागायचं.

ही काही आमच्याच यंत्राची खोड नव्हती. आमचा खेळ म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. मूळ फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला, आणि त्याच्याही दुसऱ्या रिमोटवर ही दोन बटणं नव्हती. त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. आमच्या नक्कलवाल्यांनी मायक्रोफोन गाळला, बटणं मात्र दिली नाहीत.

संध्याकाळी वाड्यातली पोरं जमायची. मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकात एक. "कायकू खेंचरा रे, मेरी बारी है," आणि त्यावर "नक्को, बाद में!" नक्को हा शब्द त्यांचा की आपला, हा वाद तेव्हा कुणालाच सुचला नाही.

सगळ्यांचा जीव 'काँट्रा'वर. दोघं सैनिक, तीन-तीन जीव. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए ही कळ दाबली की तीनाचे तीस व्हायचे. आमच्या वाड्यात ती परवचासारखी पाठ होती. ही किल्ली कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ फॅमिकॉमवर आणताना तो तपासण्यासाठी खेळावा लागे, आणि त्यांना तो झेपेना. म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी ही पळवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. खेळ बनवणाऱ्यालाच तो जड गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

काँट्राच्या तिसऱ्या पायरीला धबधबा येतो. दोघांनी वर चढत जायचं. पडदा वर सरकतो तो पुढच्याबरोबर, आणि खाली राहिलेला मरतो. दादा सरसर चढायचा. लाल विजारीतली मी खालच्या खाली संपायची. किती वेळा, मोजलं नाही.

माझा खरा खेळ होता 'बॅटल सिटी', म्हणजे आमच्या भाषेत 'टँक'. विटांच्या आत बसलेल्या गरुडाला वाचवायचं, शत्रूचे वीस टँक फोडायचे. त्यात एक सोय होती, 'कन्स्ट्रक्शन': तेरा बाय तेराच्या चौकटीत विटा, पोलाद, पाणी, झाडी आपल्याला हवी तशी मांडायची आणि मग तेच मैदान खेळायचं. दादाला याचा कंटाळा. "तू कर, मी दूध पिऊन येतो," म्हणून तो एक नंबरचा रिमोट माझ्या हातात द्यायचा. माझं राज्य तेवढंच. बटण बंद केलं की मांडलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून मी गणिताच्या चौकटीच्या वहीत मैदानं उतरवून ठेवायची. बाईंनी वही एकदा उलटी उघडली होती. असो.

आठवीत गेल्यावर आईने मला 'आता पुरे' म्हटलं. दादा दहावी देऊन मोकळा झाला होता, तो खेळत राहिला. आईचा राग येत नाही; तिच्यापुढे दुसरा नमुनाच नव्हता. पण जे आवडतं ते लपून करायची सवय मला तेव्हा लागली. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया', पुढे चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून जोडलेल्या कॉम्प्युटरवर रात्री आवाज बंद करून 'रोड रॅश', लग्नानंतर मुलगी झोपल्यावर फोनवर. सासूबाईंना बरीच वर्षं वाटायचं की मी ऑफिसचे मेल बघते.

२०२० च्या टाळेबंदीत मुलीने एक नवा खेळ दाखवला: 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. नायिका एक मुलगी, धाकट्या भावाला शोधायला निघालेली. मागे राजस्थानी महाल, भिंतींवर लघुचित्रं. मला लॅबमधला प्रिन्स आठवला. तिथे राजकन्या तासभर कोंडलेली असते आणि धावतो तो. इथे धावत होती मुलगी. लेक म्हणाली, "मम्मी, रडतेस काय, ती अजून मेली पण नाही."

गेल्या दिवाळीला दादा पुण्याहून आला आणि माळ्यावरचं खोकं त्याने स्वतःच काढलं. यंत्र चाललं! बंदूक मात्र नाही. बदकावर नेम धरून लेकीने वीस गोळ्या झाडल्या, कुत्रा दर वेळी हसला. बंदुकीत गोळी नसतेच, मी तिला समजावलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतलं भिंग तो उजेड टिपतं. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेलं, आजच्या सपाट टीव्हीवर जमत नाही. दादा म्हणाला, "म्हणजे बाबांची पिक्चर ट्यूब गेली, पण खेळ राहिला."

मग काँट्रा. लेक दुसरा रिमोट उलटसुलट करून बघत होती. "मामा, याला स्टार्ट कुठंय?"

"त्याला नसतो."

"मग मम्मीला थांबायचं असेल तर?"

दादा काही बोलला नाही. त्याने तिच्या हातातला रिमोट घेतला, मांडी घालून बसला आणि एक नंबरचा माझ्याकडे सरकवला.

कळ अंगठ्याला पाठ होती. तीस जीव. धबधब्यापर्यंत आम्ही बरोबर पोचलो, मग मी चढायला लागले.

"अगं थांब, मी खाली आहे! स्टार्ट दाब, स्टार्ट!"

बटण कुठे आहे ते मला दिसत होतं. मी चढत राहिले.