रोशा तेल : खानदेशचा सुगंध आणि स्वस्थवृत्तातील त्याचा विवेकपूर्ण उपयोग

सुगंधी तेलांच्या उपचारांकडे समाजाचा ओढा वाढत आहे. जळगाव-धुळ्याच्या औषधी दुकानांतून लव्हेंडर, निलगिरी, टी ट्री यांच्या लहान बाटल्या मांडलेल्या दिसतात आणि ‘झोप लागण्यासाठी यांपैकी कोणते लावू?’ असे रुग्ण आपणांस विचारतात. या उपचारास ‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांनी रूढ केले. त्यांचा त्याच नावाचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या खानदेशाचे स्वतःचे एक सुगंधी तेल जगाच्या बाजारात जात होते. ते म्हणजे रोशा गवताचे तेल.

ग्रंथोक्त आधार

रोशा, रोहिस किंवा तिखाडी या नावांनी ओळखले जाणारे हे गवत म्हणजे सिंबोपोगॉन मार्टिनी. निघंटूंतील रोहिष, कत्तृण, भूतीक, ध्यामक हे पर्याय सामान्यतः यालाच लावले जातात. भावप्रकाशात रोहिष हे तिक्त-कषाय रसाचे व कटुविपाकी सांगून हृदय व कंठाचे विकार, शूल, कास, कफ आणि ज्वर यांवर उपयुक्त म्हटले आहे. सुश्रुतांच्या एलादि गणात ध्यामक आहे. चरकांनी मात्राशितीय अध्यायात नित्य सेवनासाठी जी प्रायोगिक धूमवर्ती सांगितली, तिच्या घटकांतही ध्यामक आहे. त्याच अध्यायात गंधमाल्यधारण हे आयुष्य, पुष्टी, बल आणि सौमनस्य देणारे म्हटले आहे. म्हणजे दैनंदिन स्वास्थ्यासाठी सुगंधाचा उपयोग हा आपल्या दिनचर्येचाच भाग आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ग्रंथांत धूम, लेप, कल्क आणि सिद्ध तैल या रूपांत द्रव्य वापरले आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल हे त्याच द्रव्याचे अतिशय तीव्र रूप होय. द्रव्याचे गुण आणि मात्रा जशीच्या तशी त्यास लावता येत नाही.

नावाची फसवणूक जुनीच

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० च्या खानदेश खंडात या धंद्याची नोंद आहे. नंदुरबार आणि साक्री तालुक्यातील पिंपळनेर या बाजूस हे तेल निघे. पावसाळा सरल्यावर फुलोऱ्यावरचे गवत कापून ओढ्याकाठच्या भट्टीवर मोठ्या भांड्यात पाण्यासह उकळत, आणि वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेऊन निववीत. सांधेदुखीवर त्याची ख्याती होती. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्थानात जाई, तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई आणि युरोपात ‘टर्किश जिरेनियम’ या नावाने ओळखले जाई. जिरेनियम या वनस्पतीशी त्याचा काही संबंध नव्हता. साम्य होते ते जिरॅनिऑल या सुगंधी घटकाचे. नाव एक आणि वस्तू दुसरी, ही या तेलाची जुनी कथा आहे. आज आपल्या दुकानांत तीच निराळ्या रूपाने चालू आहे.

एक नाव, दोन वस्तू

‘तेल’ या शब्दाखाली आपण दोन सर्वस्वी भिन्न पदार्थ ठेवतो. तिळाचे तेल हा स्नेह आहे. तो त्वचेवर कितीही चोळला तरी चालतो. रोशाचे शुद्ध तेल हा स्नेह नव्हे, तो उडून जाणारा तीक्ष्ण अर्क आहे. बाजारात ‘रोशा तेल’ या एकाच नावाने कधी शुद्ध अर्क मिळतो, तर कधी स्थिर तेलात मिसळलेले मालिशचे तेल.

साक्री तालुक्यातील एक शेतकरी दोन्ही गुडघ्यांवर दाह, लाली आणि फोड घेऊन माझ्याकडे आले. दोन हिवाळे ते रोशा तेल चोळून वर कापड बांधत आणि त्यांस बरे वाटे. त्या वर्षी दुसऱ्या दुकानातून बाटली आणली. नाव तेच, रीत तीच. फरक इतकाच की आधीची बाटली मिश्रणाची होती आणि ही शुद्ध अर्काची. दोन्हींवर प्रमाण छापलेले नव्हते. आपण चिठ्ठीवर ‘रोशा तेल, बाह्य उपयोगार्थ’ एवढेच लिहिले तर असा प्रसंग कोणावरही येऊ शकेल.

औषधशाळांसाठी

या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसण्यात ते जवळजवळ सारखे असतात. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल विपुल, सुमारे ७५ टक्के व त्याहून अधिक असते आणि गंध गुलाबासारखा मृदू असतो. सोफियात ते पुष्कळ कमी असून गंध उग्र असतो. खरेदी करताना प्रकार लिहून घ्यावा.

प्राथमिक परीक्षा कोणत्याही लहान औषधशाळेत होऊ शकते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून काही तास ठेवावा. तेलकट डाग कायम राहिला तर स्थिर तेलाची भेसळ समजावी. तसेच एक भाग तेल दोन ते तीन भाग ७० टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये स्वच्छ विरघळले पाहिजे. गढूळ झाल्यास स्थिर तेल, रॉकेल किंवा टर्पेंटाइनचा संशय घ्यावा. अंतिम निर्णयासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा.

सिद्ध तैलात हा अर्क घालावयाचा असेल तर तो पाकाच्या वेळी घालू नये. उष्णतेने तो उडून जातो. पत्रपाकाच्या न्यायाने, तैल गाळून पूर्ण निवल्यावर मिसळावा. साठवण गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत करावी. जळगाव-भुसावळचा मे महिना आणि पत्र्याचे छप्पर यांत कोणताही सुगंधी अर्क टिकत नाही, आणि जुना, हवा लागलेला अर्क त्वचेस अधिक बाधतो.

औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय कल्पाच्या वेष्टनावर घटक व त्यांचे प्रमाण छापणे औषधे नियमावलीच्या नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. सुगंधी द्रव्य म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ते बंधन नसते. म्हणून विक्रेत्याने ‘शुद्ध अर्क’ किंवा ‘मिश्रण, इतके टक्के’ अशी चिठ्ठी स्वतःहून लावावी.

वैद्यांसाठी

नित्य अभ्यंगासाठी एक टक्का पुरेसा आहे : १०० मि.ली. तीळतेलात १ मि.ली. अर्क. संधिशूलात मर्यादित जागी दोन ते तीन टक्क्यांपर्यंत जावे. वर घट्ट कापड बांधू नये. थेंबाचा आकार बाटलीगणिक बदलतो, म्हणून मोजणी सिरिंजने करावी. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे, कारण जिरॅनिऑलची ॲलर्जी काहींना असते. खोली सुगंधित करण्यास पाण्याच्या भांड्यात दोन-तीन थेंब पुरतात. दम्याच्या रुग्णास मात्र कोणताही तीव्र गंध त्रासदायक ठरू शकतो.

पोटात देऊ नये. गर्भिणीस टाळावे. दोन वर्षांखालील बालकांच्या नाका-तोंडाजवळ कोणताही सुगंधी अर्क नेऊ नये. घरोघरी बांधली जाणारी कापराची पुरचुंडीही याच विचारात येते. कापूर बालकाच्या पोटात गेल्यास आक्षेप येऊ शकतात. चुकून अर्क प्यायला गेल्यास वमन करवू नये, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सुगंधाने सौमनस्य लाभते हे आपण सांगू शकतो. त्याने व्याधी समूळ जातो असे सांगण्यास आधार नाही. ती मर्यादा पाळून, चिठ्ठीवर टक्केवारी लिहिण्याची आणि बाटलीवर ती छापण्याची सवय वैद्य व औषध-व्यावसायिकांनी एकत्रितपणे लावून घेतली, तर सातपुड्याच्या या गवताचा लाभ रुग्णांस निर्धास्तपणे देता येईल.